बाराव्या खिळ्यावरचा पट्टा

१

सकाळी साडेआठला शेडचं कुलूप काढायचं, दिवे लावायचे, चहाच्या पाण्याचा स्टीलचा बंब चालू करायचा, आणि मग अकरा जिवंत आणि एका मेलेल्या माणसाला आज कसं वाटतंय ते ठरवायचं, हा डेस ट्रेझाइसचा रोजचा क्रम होता. बंबातलं पाणी उकळायला बारा मिनिटं लागत. बाकीचं सगळं तेवढ्यात उरकायचं.

शेड म्हणजे टारल बेच्या धक्क्यामागची जुनी लोकरीची वखार. गावातले निवृत्त बाप्ये तिथे रंधे-करवती घेऊन दिवसभर काहीबाही ठोकत बसत, म्हणजे घरी बायकांच्या पायात येत नसत. मुख्यतः पक्ष्यांसाठी लाकडी घरटी बनवत. टारल बेमध्ये आता पक्ष्यांपेक्षा घरटी जास्त झाली होती, पण ते कोणी बोलून दाखवत नसे.

मागच्या वर्षी कौन्सिलच्या डोक्यात आलं की म्हातारे पुरुष मनातलं बोलत नाहीत. हे शोधायला त्यांनी शहरातून तज्ज्ञ आणले होते. टारल बेमधल्या कुठल्याही बायकोनं त्यांना हे फुकट सांगितलं असतं. तर मग प्रत्येकाला मनगटावर बांधायचा एक काळा रबरी पट्टा मिळाला. त्यावर इवलासा पडदा, पडद्यावर पाच तोंडं. पहिलं दात काढून हसणारं, शेवटचं रडणारं, मधली आपली अधलीमधली. रोज सकाळी जसं वाटत असेल ते तोंड दाबायचं. तेच मग दिवसभर पडद्यावर राहायचं आणि त्याच्याखाली नाडीचा आकडा. एखाद्यानं सलग तीन दिवस खालच्या दोनांपैकी एखादं तोंड दाबलं, की सत्तर किलोमीटरवरच्या ऑफिसात टियार्न नावाच्या पोरीच्या फोनवर घंटा वाजायची आणि ती चौकशीला लागायची.

टियार्न पट्टे वाटायला आली तेव्हा म्हणाली होती, "यात चूक-बरोबर काही नाही. फक्त खरं दाबायचं." बारा जणांनी रोज दाबलं पाहिजे, नाहीतर शेड पिकलबॉलवाल्यांना जाईल, असंही काहीतरी ती म्हणाली होती. निदान सगळ्यांनी तसं ऐकलं होतं. आपल्या त्या छोटेखानी टेनिससाठी पिकलबॉलवाल्यांचा त्या फरशीवर दोन वर्षं डोळा होता. जाताना तिनं एक माहितीपुस्तिका दिली. ड्रिलच्या मशीनचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली ती अगदी मापात बसली.

पट्टा बांधायला मात्र कोणी तयार होईना. ब्लूई म्हणाला, "मी मनगटावर तोंड घेऊन फिरणार नाही. आहे ते एकच सांभाळताना नाकी नऊ आलेत." ब्लूईचे केस एके काळी लालभडक होते म्हणून त्याचं नाव 'निळ्या' पडलं. का, ते विचारू नका, इकडे तसंच असतं. आता केसही नाहीत. थियो, जो पूर्वी मासेमारीच्या बोटींवर वायरिंग करायचा, म्हणाला की पट्ट्याला व्हार्निश लागेल. ऐंशी पार केलेला आर्थर काहीच म्हणाला नाही, कारण त्यानं कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं.

शेवटी, वापरायची नाही पण हरवायलाही नको अशा वस्तूचं शेडमध्ये जे करतात तेच केलं. पट्टे हत्यारांच्या फळ्यावर टांगले. भिंतभर फळा, आणि त्यावर प्रत्येक हातोडी, पक्कड, करवत जिथे टांगायची तिथे तिची आकृती काळ्या रंगानं काढलेली. काही गायब असलं तर दारातूनच कळायचं. फळा क्लेम नॅन्किव्हेलनं बनवला होता. त्यानंच बारा पट्ट्यांच्या बारा आकृत्या काढल्या, बारा खिळे ठोकले आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरात नावं लिहिली. थियोनं मागून चार्जिंगच्या तारा ओढल्या. रोज तोंडं दाबायचं काम डेसकडे आलं, कारण तो धान्याच्या कोठारावर चौतीस वर्षं ट्रकांची वजनं टिपत होता.

डेस सगळ्यांचं दुसरं तोंड दाबायचा. माफक हसरं. पहिलं दाबलं तर सकाळी साडेआठलाच घेतलीय असं वाटायचं, आणि तिसऱ्यावर कोणी प्रश्न विचारले असते.

बाराव्या खिळ्याखाली क्लेमचं नाव होतं. क्लेम फेब्रुवारीत गेला, स्वतःच्या टोमॅटोच्या वाफ्यात. मातीहून परतल्यावर अकरा जण शेडमध्ये बसले, आणि सगळ्यांच्या मनात होतं ते ब्लूई बोलला. "बारा पाहिजेत." मग ब्लूईच म्हणाला, "क्लेमनं जिवंतपणी कधी तक्रार केली नाही. आता काय करणार आहे?" तेव्हापासून क्लेमही रोज सकाळी माफक बरा असायचा. हे काही शोभणारं नव्हतं, पण पिकलबॉल त्याहून वाईट.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी डेस दाबत दाबत शेवटच्या खिळ्यापाशी आला. क्लेमचं हसरं तोंड दाबलं आणि वळता वळता थबकला. बाकी अकरा पट्ट्यांवर नाडीच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या, कारण आत मनगट नव्हतं. क्लेमच्या पट्ट्यावर आकडा होता. अठ्ठावन्न.

२

डेस विचारी माणूस होता. काट्यावर ट्रक जास्त भरला तर आधी बघायचं, ड्रायव्हर उतरलाय की नाही. त्यानं पट्टा काढून बाहीला पुसला, परत टांगला. अठ्ठावन्न. उलटा टांगला. अठ्ठावन्न. बिस्किटाच्या डब्यात घालून झाकण लावलं, तेव्हा आकडा दिसेनासा झाला, पण त्यातून काही सिद्ध होईना.

दहाच्या चहाला त्यानं विषय काढला. थियो हसला. "अरे बाबा, आत हिरवा दिवा असतो. तो कशावरही आपटून परत येतो आणि त्या खुळ्याला वाटतं नाडी लागली. थांब, दाखवतो."

त्यानं क्लेमचा पट्टा आणून आर्थरच्या पास्टीला गुंडाळला. बटाटा-सलगम भरलेली, मोठ्या करंजीसारखी पास्टी, अजून कोमट होती. पडदा लुकलुकला. एकशे बत्तीस.

"हिला बसवा कोणीतरी," ब्लूई म्हणाला. "धाप लागलीय."

"कोणाला?" आर्थरनं यंत्र कानात घालत विचारलं.

"तुझ्या पास्टीला. काय करून ठेवलंस तिचं?"

मग काय, सगळ्यांना चेव आला. टोमॅटो सॉसच्या बाटलीची नाडी नव्वद भरली. आर्थरची एकाहत्तर, म्हणजे सॉसपेक्षा बरी. खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकला दोन रेघा आल्या, तेव्हा ब्लूईनं टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "गेलं बिचारं. चांगलं होतं." डेस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

सगळे पांगल्यावर त्यानं पट्टा परत खिळ्यावर टांगला आणि उभा राहून बघत बसला. पास्टीचा आकडा नुसता नाचत होता. एकशे बत्तीस, अठ्ठ्याऐंशी, एकशे चाळीस. हा हलत नव्हता.

आणि एक गोष्ट होती, जी चहाच्या वेळी त्यानं काढली नव्हती. दर हिवाळ्यात गावची नर्स येऊन सगळ्यांची नाडी बघायची, आणि पुढचा आठवडाभर क्लेम शेडमध्ये मिरवायचा. "अठ्ठावन्न. शर्यतीच्या घोड्याची असते एवढी." एका वर्षी तर त्यानं तो आकडा आपल्या बाकावरच्या फळीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. डेस तिकडे गेला, भुसा झटकला. आकडा तिथेच होता.

३

मंगळवारी चहाहून परत आला तर डेसच्या स्वतःच्या पट्ट्यावरचं तोंड पडलेलं. चौथं. ओठांची टोकं खाली गेलेली. डेसचा पट्टा पहिल्या खिळ्यावर असायचा आणि सकाळीच त्यानं स्वतःच्या बोटानं हसरं दाबलं होतं.

तो थेट ब्लूईकडे गेला. "माझं तोंड कोणी पाडलं?"

"आरशात कधी बघितलं नाहीस का? जन्मापासून तसंच आहे."

"चेष्टा पुरे. फळ्यावरचं विचारतोय."

ब्लूईनं दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत व्हार्निश. "हे घेऊन तुझ्या तोंडाला हात लावला असता तर दिसलं असतं." डेसनं जाऊन पट्टा जवळून बघितला. काच स्वच्छ होती.

त्यानं परत हसरं दाबलं. दुपारी शेड बंद करताना ते पुन्हा पडलेलं होतं. इतर सगळी हसत होती, फक्त त्याचं.

बुधवारी त्यानं पाळतच ठेवली. छिन्न्या पुसायच्या निमित्तानं फळ्यासमोर उभा राहिला. तो बघत होता तोवर तोंड हसरं होतं. दूध आणायला वळला, चार पावलं गेला असेल नसेल, आणि मागे आवाज आला. टक, टक. लाकडावर पेन्सिलीचं बोथट टोक दोनदा.

काही बोलायचं असलं की क्लेम आधी पेन्सिलीनं बाकावर दोनदा टकटक करायचा, सभेत बोलायची परवानगी मागितल्यासारखा. बाकीचे वैतागायचे. अकरा वर्षं डेस त्याच्या शेजारच्या बाकावर होता. तो आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता.

'पत्रा,' डेस मनाशी म्हणाला. ऊन चढलं की छपराचे पत्रे वाजतात, नेहमीचंच आहे. मग त्यानं खिडकीतून बघितलं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि पत्र्यांना वाजायचं काही कारण नव्हतं. त्यानं मागे वळून बघितलं. त्याचं तोंड पडलेलं होतं.

त्या संध्याकाळी घरी जाताना तो चढावरच्या युद्धस्मारकापाशी थांबला आणि दगडावरची नावं वाचत उभा राहिला. गेले तीन आठवडे तो रोज थांबत होता. धक्क्यापासून वर येताना जबड्यात आणि डाव्या हातात काहीतरी आवळल्यासारखं व्हायचं, आणि नावं वाचेपर्यंत ते उतरायचं. आता सगळी नावं त्याला पाठ झाली होती. येणारे-जाणारे म्हणत, डेसला किती जाण आहे बघा.

मेरिलनं भोपळ्याचं सूप वाढलं. चाळीस वर्षांचा संसार, तिनं एकदाच बघितलं आणि विचारलं, "काय झालंय?"

"कुठे काय?"

"चेहरा उतरलाय तुझा."

"काही नाही. ठीक आहे."

"दुखतंय-बिखतंय का कुठे?"

"बरंय म्हटलं ना." मेरिलनं सूप वाढायचं थांबवलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत वाढायला लागली.

त्यानं चमचा खाली ठेवला. कारण क्लेमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यानं कोणालाच सांगितली नव्हती, मेरिललासुद्धा. जायच्या आधीच्या बुधवारी क्लेम लाकडं कापायच्या घोडीवर नुसता बसून होता. हातात काम नाही. म्हणाला, "आज काही जमत नाहीये रे डेस." डेस तेव्हा फळ्यापाशी बोट उगारून उभा होता. बंबाला वाफ आली होती, घाई होती. त्यानं विचारलं, "मग तुझं कुठलं तोंड दाबू?" क्लेमनं जरा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला वाटेल ते."

डेसनं हसरं दाबलं. गुरुवारी क्लेम तसाच बसला होता, डेसनं हसरं दाबलं. शुक्रवारी तर क्लेमनं टकटकसुद्धा केलं नाही, आणि डेसनं हसरं दाबलं. शनिवारी टोमॅटो. खरं दाबलं असतं तर शुक्रवारी टियार्नकडे घंटा वाजली असती. मातीच्या वेळी डेसनं क्लेमचे तीन मजेदार किस्से सांगितले होते, आणि लोक म्हणाले होते की किती छान बोललास.

आता सूप निवत असताना त्यानं बोटांवर मोजलं. मंगळवार एक. बुधवार दोन. क्लेमला तीन दिवस मिळाले होते. क्लेम जाब विचारायला आलाय, आणि उद्या तिसरा दिवस आहे, हे त्याच्या डोक्यात एकदा बसलं ते हलेना. डेस ट्रेझाइस घाबरला. भूतबीत मानणाऱ्यांना आयुष्यभर हसलेला माणूस.

४

गुरुवारी त्यानं ठरवलं की आज स्वतःच्या तोंडावरून नजर हटवायची नाही. हसरं दाबलं आणि फळ्यासमोर ठाण मांडलं. छिन्न्या पुसून झाल्या, पकडी पुसल्या, मग आधी पुसलेल्या छिन्न्या परत पुसल्या.

"फळ्याशी लग्न लागलंय का तुझं?" ब्लूईनं जाता जाता विचारलं. "मेरिलला माहीत आहे का?"

साडेबाराला सगळे बेकरीत निघाले. गुरुवार पास्टीचा. डेस म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मला सरस वाळेपर्यंत थांबायचंय." थियोनं विचारलं, "कुठला सरस?" आणि डेसला उत्तर सुचेपर्यंत दार बंद झालं होतं.

शेड रिकामी झाली की तिचे आवाज वेगळे होत. बंब सुस्कारत होता. खाडीवरून येणारा वारा मागच्या दाराची फट शोधत होता. जवस तेलाचा आणि भुशाचा वास नेहमीचाच, पण त्यात आज आणखी काहीतरी होतं. डेसनं नाक वर केलं. निलगिरीच्या गोळ्या. घसा दुखो न दुखो, क्लेमच्या तोंडात ती गोळी असायचीच.

डेसनं पुढे होऊन अंगठा आपल्या पट्ट्याच्या पडद्यावर दाबून धरला, हसऱ्या तोंडावर. बघू म्हणावं आता. आणि तेवढ्यात जबड्यातली ती ओळखीची कळ आली. आज ती थांबली नाही, खांद्यात उतरली, हातात उतरली. अंगठा पट्ट्यावर राहीना. कपाळावर घाम फुटला. बसायला जवळ एकच जागा होती, लाकडं कापायची घोडी. तो तिच्यावर बसला, आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की फळ्याकडे पाठ झालीय.

समोर टेबलावर बंब होता. स्टीलचा, गोल पोटाचा, डेसनंच रोज पुसून चकचकीत ठेवलेला. त्यात मागची सगळी शेड दिसत होती, लांबट आणि वाकडी. फळा, हत्यारं, कडेनं पट्ट्यांची ओळ.

टक, टक.

बंबाच्या पोटात, पहिल्या खिळ्यापाशी, एक कोपर होतं. माणूस नव्हता, निदान बंबात मावत नव्हता. निळ्या स्वेटरचं कोपर, आणि त्यावर मोहरीच्या रंगाच्या लोकरीचं रफू. त्या रंगाची लोकर कोणी निळ्या स्वेटरला लावत नाही. क्लेमनं लावली होती, घरात दुसरी नव्हती म्हणून. कोपर थोडं वर झालं, थोडं पुढे, अंगठ्यानं काहीतरी दाबताना होतं तसं.

डेसनं मान वळवली नाही. वळवता आली असती.

"क्लेम," तो म्हणाला. "तू म्हणालास ना, जमत नाहीये. मी ऐकलं होतं रे. ऐकूनसुद्धा हसरं दाबलं. चुकलं माझं."

कोपर थांबलं. बंबातून एक बुडबुडा वर आल्याचा आवाज झाला. मग डेसच्या उजव्या बरगडीत कोणीतरी ढोसलं, अगदी नेमक्या जागी. अकरा वर्षं शेजारी बसून ढोसून ढोसून जिथे घट्टा पडला होता तिथेच.

तेव्हा तो वळला. फळ्यासमोर कोणी नव्हतं. पहिल्या खिळ्यावर त्याचं तोंड शेवटचं होतं, रडणारं. त्याच्याखाली, आत मनगट नसताना, आकडा आला होता आणि तो पास्टीसारखा नाचत होता. एकशे एकेचाळीस, साठ, एकशे तेहतीस. पलीकडे बाराव्यावर अठ्ठावन्न.

शेडचा फोन वाजला. तो हाताच्या अंतरावर होता, म्हणून उचलला.

"डेस? टियार्न बोलतेय. तुमची घंटा वाजली माझ्याकडे. तीन दिवस झाले. कसे आहात?"

'ठीक' हा शब्द डेसच्या ओठांवर आला. तो तिथेच राहायचा, कायमचा मुक्कामाला. डेसनं तोंड उघडलं. मागे बाकावर पेन्सिल दोनदा वाजली.

"बरं नाही," डेस म्हणाला. "अजिबात बरं नाही, पोरी. हात दुखतोय, जबडा दुखतोय. घाम येतोय."

"कुठला हात?"

"डावा."

"हलू नका. आहात तिथेच बसा. फोन ठेवायचा नाही, मी दुसऱ्या फोनवरून गाडी बोलावते. डेस, माझ्याशी बोलत राहा. काहीही बोला."

काय बोलावं ते त्याला सुचेना. म्हणून त्यानं स्मारकावरची नावं म्हणायला सुरुवात केली, पहिल्यापासून. बावीस झाली तेव्हा दार उघडलं. गावच्या रुग्णवाहिकेवर त्या दिवशी पाळी बेकरीवाल्या जोआनची होती, त्यामुळे पास्टीच्या रांगेतली सगळी मंडळी तिच्या मागोमाग धावत आली होती. ब्लूईच्या हातात सॉसची बाटली तशीच होती.

५

ॲडलेडच्या हॉस्पिटलात डेसच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले की आणखी तासभर उशीर झाला असता तर बसवायचं काम उरलं नसतं. मेरिल त्याच्या उशाशी बसून आधी रडली आणि मग तिला कंठ फुटला. "तीन आठवडे? तीन आठवडे तू तिथे उभा राहून दगड वाचत होतास, आणि मी गावभर सांगत होते की माझा नवरा हुतात्म्यांना विसरत नाही?"

चौथ्या दिवशी टियार्न भेटायला आली. डेसनं तिला क्लेमच्या शेवटच्या तीन दिवसांचं सगळं सांगितलं. मधे थांबावं लागलं, कारण त्याला रडू यायला लागलं होतं आणि त्याची सवय नव्हती. टियार्ननं खुर्ची जवळ ओढली.

"आणि आणखी एक," डोळे पुसून तो म्हणाला. "क्लेम फेब्रुवारीतच गेला. आम्ही अजून त्याचं तोंड दाबतो. बारा भरायला."

"माहीत आहे मला. मी फुलं पाठवली होती की. पांढरी."

"ती पिकलबॉलवाल्यांची नव्हती?"

"वर कार्ड होतं, डेस."

कार्ड कोणी वाचलं नव्हतं. डेसला ड्रिलच्या मशीनचा पाय आठवला.

"आणि बारा कुठून काढलेत?" टियार्न म्हणाली. "अट दहाची आहे. पुस्तिकेत पहिल्याच पानावर. मी वाट बघत होते, तुमच्यातला एक तरी कधी म्हणेल की आमचा मित्र गेला, आम्हाला वाईट वाटतंय. तीन महिने झाले, सगळे आपले हसतायत." मग ती खाली बघत म्हणाली, "मीही आधी फोन करायला हवा होता. तुम्ही शेवटी खरं दाबलंत, बारा एकावन्नला. ते बरं झालं."

"मी नाही दाबलं."

"हात लागला असेल मग."

डेस वाद घालणार होता. मग त्यानं रजई हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाला, "असेल."

६

जुलैत तो शेडमध्ये परतला तेव्हा मेरिल त्याला दारापर्यंत सोडायला आली होती. आता नियम बदलले होते. प्रत्येकानं स्वतःचं तोंड स्वतः दाबायचं. कुरकुर खूप झाली, पण डेसनं सगळ्यांना बसवून क्लेमचं सांगितलं तेव्हा ती थांबली. आर्थरनं कानातलं यंत्र काढलं नाही. मग थियो म्हणाला, "मला पण म्हणाला होता तो. जमत नाहीये म्हणून. मी म्हटलं, हवा खराब आहे."

बारावा पट्टा काढून टाकू का, असं थियोनंच विचारलं.

"राहू दे," डेस म्हणाला. "आकृती काढलेली आहे. रिकामी बरी दिसणार नाही." त्या पट्ट्यावरचं तोंड आता कोणी दाबत नव्हतं. खालचा आकडा मात्र होता, आणि शेडमध्ये तो सगळ्यांना माहीत होता आणि कोणी त्याचा विषय काढत नव्हतं. थियो एकदाच म्हणाला होता, "हिरवा दिवा," आणि मग करवत घेऊन बाकाकडे वळला होता.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी ब्लूईनं फळ्यापाशी जाऊन मोठ्या नाटकीपणानं बोट नाचवलं आणि हसरं दाबलं. "या, बघा. ब्लूई मॅक्रे, आनंदी इसम." मग शीळ घालत लेथवर गेला. घरट्याची दांडी करत होता.

डेस बंबापाशी कप धूत होता. टक, टक. त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले. हे असं दर वेळी होणार आणि याची सवय होणार नाही, हे त्याला कळून चुकलं. त्यानं फळ्याकडे बघितलं. ब्लूईचं तोंड पडलेलं होतं.

लेथ चालू होती. शीळही चालू होती.

डेसनं दोन मग भरले, ब्लूईच्यात तीन चमचे साखर घातली आणि लेथशेजारच्या बाकावर जाऊन बसला.

"काय?" ब्लूई म्हणाला.

"काही नाही. कसं चाललंय?"

"झकास. तोंड बघ की माझं फळ्यावर."

"बघितलं."

ब्लूई परत कामाला लागला. दांडी बारीक होत चालली. पक्ष्याला पुरेल एवढी झाली, मग पुरणार नाही एवढी झाली, तरी तो छिन्नी मागे घेईना. डेस उठला नाही. शेवटी दांडीचा तुकडा पडला. ब्लूईनं लेथ बंद केली आणि तिच्याकडेच बघत राहिला.

"कोणी सांगितलं तुला?" त्यानं विचारलं. आवाज इतका खाली आला होता की ब्लूईचा वाटेना.

"चहा घे आधी," डेस म्हणाला. त्यानं चहाचा मग ब्लूईच्या हातात दिला, त्याला बसायला जागा केली, आणि स्वतः आणखी थोडं सरकला, कारण दुसऱ्या बाजूनं बरगडीत कोणाचं तरी कोपर लागत होतं.